पातळताईंची बुरशी

पातळताई अंगानं चांगल्या जाडजूड होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाव पडलं होतं ते कामावरून. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात, जिन्याखालच्या खोलीत बसून त्या दगड पातळ करायच्या. दगडाची चकती कापायची, तिचं एक तोंड आरशासारखं गुळगुळीत घासायचं, ते तोंड काचेच्या पट्टीवर चिकटवायचं, आणि मग दुसऱ्या बाजूनं कुरुंदाची पूड नि पाणी घालून घासत घासत जायचं, इतकं की दगडातून आरपार उजेड दिसावा. असा काप वरच्या मजल्यावर गेला की शिकलेसवरलेले लोक तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, त्यात काय काय बघायचे आणि त्यावर लेख लिहायचे. खाली ताईंच्या बोटांची सालं निघायची. हे असंच चालतं, त्याला कोण काय करणार.

त्यांनी घासलेल्या दगडांत निम्म्याहून अधिक दगड एकाच माणसाचे होते. तो माणूस म्हणजे सर. सरांना निवृत्त होऊन आता पंधरा वर्षं झाली होती, पण उभं आयुष्य त्यांनी एका काळ्या दगडापायी घालवलं होतं. चाळीस कोटी वर्षांपूर्वी कुठल्याशा गरम झऱ्याकाठी बोटभर उंचीची झाडं उगवली होती. झाडं आपली म्हणायला. ना पान, ना फूल, ना धड मूळ. नुसत्या हिरव्या काड्या. झऱ्याच्या पाण्यात विरघळलेली गारगोटी त्यांच्या अंगात भरली आणि त्या उभ्याच्या उभ्या दगड झाल्या, पेशीन् पेशी जागच्या जागी. त्यांच्याबरोबर त्यांचे शेजारीपाजारीही अडकले: शेवाळं, जिवाणू आणि बुरशी.

सरांचा जीव त्या बुरशीवर. "मूळ नसलेल्या काडीला जमिनीवर उभं कुणी केलं?" ते ताईंना विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "बुरशीनं! ही मातीतले क्षार आणून द्यायची, काडी हिला साखर द्यायची. जमिनीवरचा पहिला संसार हाच, ताई." ताई म्हणायच्या, "मग भांडणंही तिथूनच सुरू झाली असणार." सर हसायचे आणि नवा दगड पुढे सरकवायचे.

भांडण झालं ते मात्र सरांचं आणि ताईंचंच. सत्तावीस वर्षांपूर्वी सरांचा पहिला मोठा लेख छापून आला. शेवटी आभार होते. जीप देणाऱ्याचे होते, फोटो काढणाऱ्याचे होते, टाइप करणाऱ्याचे होते, एवढंच काय, सहलीला थर्मास भरून देणाऱ्या सरांच्या मेव्हण्याचेही होते. ताईंचं नाव नव्हतं. ताई तेव्हा तिशीच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. "मेव्हण्यानं दगड घासले का?" एवढंच विचारून, हातातलं काम होतं तसं टाकून त्या घरी निघून गेल्या आणि सहा आठवडे तिकडे फिरकल्या नाहीत. शेवटी सर स्वतः घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "माझं चुकलं, ताई. तुमच्याशिवाय मला दगड म्हणजे दगडच आहे." ताई आतून विरघळल्या, वरून मात्र आणखी दोन दिवस ताठ राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या.

आणि परत येऊन घासलेल्या पहिल्याच कापात ती सापडली. काडीच्या पेशींमध्ये पसरलेली, झुडपासारख्या बारीक फांद्या फुटलेली बुरशी. इतकी स्वच्छ, इतकी अखंड, की सर खुर्चीतून उठून उभे राहिले. अशी बुरशी पुन्हा कधी कुठल्या दगडात मिळाली नाही. नव्या जातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. सरांनी आभारांची चूक सव्याज फेडली: त्या बुरशीला त्यांनी ताईंचं नाव दिलं. पुढे एक लांबलचक लॅटिन शब्द आणि त्याच्यामागे ताईंचं पाळण्यातलं नाव, शेपटी बदलून.

ताईंच्या नवऱ्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की कुलूप उघडायच्या आधी तो तोंड उघडायचा. "लोकांच्या बायकांच्या नावावर बंगले असतात. आमच्या बायकोच्या नावावर बुरशी आहे, चाळीस कोटी वर्षांची!" ताई वरवर चिडायच्या. पण बुरशीचा मोठा करून घेतलेला फोटो बाहेरच्या खोलीत घड्याळाशेजारी लावला होता तो त्यांनीच, आणि लेकीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना बसायला सांगायच्या आधी दाखवला होता तोही त्यांनीच. खरं सांगायचं तर आयुष्यात त्यांना दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नव्हता. जिन्याखाली बसणाऱ्या बाईचं नाव कुणाला ठाऊक असतं? आज आहे, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पुसलं जाईल. पण हे नाव पुस्तकांत होतं. आपण गेलो तरी ते राहील, असं त्या मनाशी म्हणायच्या आणि त्यांना खरंच बरं वाटायचं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना वरच्या मजल्यावरच्या मॅडम खाली आल्या. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या असतील. चार वर्षं त्या याच बुरशीवर काम करत होत्या; झाड आणि बुरशी यांची देवाणघेवाण नेमकी कशी चालायची, हे फांद्या मोजून मोजून त्यांनी मांडलं होतं. हातात तो मूळ काप होता, कापसात गुंडाळलेला, सोबत विभागप्रमुखांच्या सहीचा परवानगीचा कागद.

"ताई, फोटो नीट येत नाही," मॅडम म्हणाल्या. "झाड स्पष्ट आलं की बुरशी पुसट होते, बुरशी स्पष्ट आली की झाड पुसट. काप जाड राहिलाय. थोडा उतरवाल का? अगदी थोडा. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी छाती नाही."

"माझ्याच नावाची आहे ती," ताई म्हणाल्या. "मी नाही तर कोण घासणार?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, खिडकीतून चांगला उजेड येत असताना, त्यांनी वरची झाकणाची काच उबेवर धरून सरकवली आणि कापाला हात घातला. एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती: बोटांना आता पूर्वीसारखं कळत नव्हतं. तीस वर्षं थंड पाणी नि पूड. टोकं बधिर झाली होती. म्हणून हल्ली त्या कानानं घासायच्या. दगड काचेवर फिरताना करकरतो, पातळ होत गेला की आवाज बारीक होत जातो. ताई मान कलती करून ऐकत होत्या. करकर बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि एका कोपऱ्यात एकदम गप्प झाली.

ताईंनी हात उचलला. काप धुतला, उजेडात धरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यातला दगड गेला होता. नखाएवढा तुकडा, पण नेमका तोच, ज्यात ती काडी होती. अर्धी काडी पुसली गेली होती. जगातला एकुलता एक नमुना, आणि तो त्यांच्या हातून गेला. त्या स्टुलावर बसल्या. मग धीर करून त्यांनी काप खोलीतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

अर्धी काडी नव्हतीच. तिच्या जागी नुसता स्वच्छ, पिवळसर गोंद. आणि त्या गोंदात बुरशी होती! फांदीन् फांदी जागेवर, एक टोकसुद्धा मोडलेलं नाही. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या मोठ्यानं हसल्या. "चिवट गं बाई," त्या बुरशीला म्हणाल्या, "माझ्याच नावाची शोभतेस." आणि थर्मासमधला चहा त्यांनी कपात ओतला.

दोन घोट झाले असतील. तिसरा घेताना त्यांच्या मनात आलं, दगड गेला, तर ही बसलीय कशात?

कप त्यांनी खाली ठेवला. पुन्हा डोळा लावला आणि या खेपेला कापाच्या शिल्लक बाजूकडे गेल्या, जिथे काडीही होती आणि बुरशीही. सूक्ष्मदर्शकाची नजर खालीवर करणारं चाक हळू फिरवलं. काडी स्पष्ट झाली, बुरशी पुसट. चाक आणखी खाली नेलं. बुरशी स्पष्ट, काडी पुसट. मॅडम म्हणाल्या होत्या ते अगदी तसंच, फक्त कारण वेगळं होतं. काप जाड नव्हता. वरच्या मजल्यावर काडी राहत होती, खालच्या मजल्यावर बुरशी, आणि दोघींची कधी गाठभेटच झालेली नव्हती. बुरशी दगडात नव्हती. दगड आणि काच यांच्यामधल्या गोंदात होती.

मग त्यांना ती बादली आठवली. मेव्हण्याच्या आभारांवरून रागावून निघाल्या तेव्हा घासून तयार केलेला दगड त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकला होता. सहा आठवडे तो तिथेच होता, त्याच पाण्यात. परत आल्या त्या दिवशी दगडाच्या तोंडावर बुळबुळीत साय आली होती. कायदा असा की पाण्यात राहिलेलं तोंड पुन्हा घासायचं, स्पिरिटनं धुवायचं, कोरडं करायचं आणि मगच चिकटवायचं. ताईंनी ते केलं नव्हतं. दाराशी सर ताटकळत उभे होते, घरी येऊन माफी मागून गेलेले सर, आणि त्यांना आणखी थांबवायला ताईंना संकोच वाटला. अंगठ्यानं पुसला दगड आणि चिकटवला. काडीच्या जागी दगड जरा सच्छिद्र होता, तिथल्या भोकांत साय राहिली. म्हणजे ती बुरशी चाळीस कोटी वर्षांची नव्हतीच. सहा आठवड्यांची होती. ताईंच्या रुसव्याएवढं तिचं वय.

डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं. खोलीत होतं कोण बघायला? समोर घासायची काच ओली होती, पूड पसरलेली होती. दोन फेरे. फार तर तीन. गोंदही जाईल, बुरशीही जाईल. मॅडमना सांगायचं, हात थरथरला, काप फुकट गेला, वय झालं आता. कुणी रागावणारसुद्धा नाही. आणि तपासायला काही उरलंच नाही की पुस्तकातलं नाव कायमचं पुस्तकात. ताईंनी काप उचलला. काचेपर्यंत नेलाही. मग हात आखडता घेतला आणि काप रुमालात गुंडाळून त्या सरांच्या घराकडे निघाल्या.

सर दोन गल्ल्यांपलीकडे राहायचे, पहिल्या मजल्यावर, खिडकीशी स्वतःचा सूक्ष्मदर्शक मांडून. आता ऐंशीला टेकले होते. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बादलीसकट. सर खिडकीकडे वळले. काप घेतला, डोळा लावला आणि चाक फिरवू लागले. खाली, वर, पुन्हा खाली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, परत आला, तरी सर वाकलेलेच.

"मला जी हवी होती ती मला दिसली," अखेर ते म्हणाले. "बघायला शिकवायचो मी पोरांना! चाक खाली-वर करा म्हणायचो. आणि स्वतः नाही केलं. केलं असेन, पण पाहिलं नाही."

"चूक माझी आहे, सर. मी घासलं नाही."

"तुमची चूक एका दिवसाची, माझी सत्तावीस वर्षांची." सरांनी काप रुमालावर ठेवला. "कुणी पाहिलंय?"

"तुम्ही आणि मी."

सर उठून दार लोटून आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, घासून टाका."

ताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माझ्यासाठी नाही म्हणत," सर म्हणाले. "माझ्या बाकीच्या बुरश्या दगडातल्या आहेत, त्या मला पुरतील. पण हे नाव तुमचं आहे. आयुष्यात मी ज्यांना विसरलो त्यांची यादी मोठी आहे, त्यातल्या एकाच माणसाची भरपाई मला जमली. ती माझ्या हातानं परत घेऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची. घासून टाका, मी काही पाहिलं नाही."

ताईंना भरून आलं. एवढी माया त्यांच्यावर कुणी अशी उघड केली नव्हती, नवऱ्यानंसुद्धा नाही. क्षणभर त्यांना वाटलं, सर म्हणतात ना, मग आपण कशाला आडवं जायचं? पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सर, तीस वर्षं मी दगड घासला तो आतलं दिसावं म्हणून. आता दिसू नये म्हणून घासू?"

सरांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा घातला.

"आणि वर ती पोर आहे," ताई म्हणाल्या. "चार वर्षं घातलीयत तिनं माझ्या बादलीवर. आज गप्प बसले तर तिच्यावर दुसरा कुणी रचेल, त्याच्यावर तिसरा. नाव मोठं नि लक्षण खोटं, असलं नाव मला झेपायचं नाही, सर."

"जा मग," सर म्हणाले. "सांगा तिला. आणि मी पाहिलंय, मला पटलंय, हेही सांगा. ती खरं मानायला तयार होणार नाही."

मॅडमनी खरंच मानलं नाही. स्वतःच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तासभर बघितलं, फोटो काढले, अंतरं मोजली. मग खुर्ची मागे ढकलून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताई दारातच थांबल्या होत्या. बसा म्हणायला कुणाला सुचलं नव्हतं.

"चार वर्षं, ताई," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता."

"हो."

"एक अख्खं प्रकरण जाणार. कदाचित दोन." त्या वळल्या. चेहरा लाल झाला होता. "तुम्ही पुसून टाकला असतात तर मला कधीच कळलं नसतं!"

"नसतंच कळलं," ताई म्हणाल्या. "मला शिव्या द्यायच्या तर द्या, मॅडम. मी ऐकून घेईन."

मॅडमनी शिव्या दिल्या नाहीत. खिडकी उघडली, तोंडावर पाणी मारून आल्या आणि तेव्हा कुठे त्यांनी ताईंसाठी खुर्ची ओढली. "बसा. आजच लिहून टाकू. उद्यावर टाकलं तर माझी बुद्धी फिरेल."

ज्या नियतकालिकात बुरशीचं नाव पहिल्यांदा छापलं होतं त्याला पत्र लिहायचं होतं: हा जीवाश्म नाही, सबब हे नाव रद्द समजावं. मॅडम संगणकावर लिहीत गेल्या आणि एकेक वाक्य ताईंना मराठीत सांगत गेल्या. दगडाचा कोपरा कसा झिजला, बुरशी गोंदात कशी उरली, चाक फिरवल्यावर काय दिसलं. ताई मान हलवत होत्या. मधेच एका ठिकाणी बुरशीचं पूर्ण नाव आलं तेव्हा मॅडम थांबल्या. ताईंना ती लिपी जेमतेम यायची, पण ते दोन शब्द पडद्यावर कुठेही असते तरी ओळखू आले असते. "लिहा, लिहा," त्या म्हणाल्या. "नावाशिवाय रद्द कशाला करणार?"

शेवटचा परिच्छेद बादलीचा होता. मॅडमनी तो पटकन लिहिला आणि वाचून दाखवला. "तयार केलेला दगड विभागातल्या अडचणींमुळे सहा आठवडे पाण्यात राहिला आणि त्यावर बुरशी धरली. झालं. एवढं पुरे आहे, ताई. इतक्या जुन्या गोष्टीत कोण होतं नि काय होतं, कुणी विचारत नाही."

"विभागात कसली अडचण होती?" ताईंनी विचारलं.

"असं लिहायची पद्धत असते."

"विभागाचं काही चुकलं नाही. मी रागावून घरी गेले होते. आल्यावर तोंड पुन्हा घासायला पाहिजे होतं, ते घासलं नाही. तसं लिहा."

मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "मग इथे काप करणारीचं नाव लागेल. बुरशीवरून जाईल आणि इथे येईल. चालेल तुम्हाला?"

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. छाती भरून आली होती आणि काहीतरी गेल्याचं दुःखही तेवढंच होतं. दोन्ही एकदम कसं असतं ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पूर्ण लिहा," त्या म्हणाल्या. "आडनावासकट."